मुक्या रुग्णाची परीक्षा

प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गाय, म्हैस किंवा शेळी असेल; नसली तरी लहानपणी गोठा पाहिलेला असेल. जनावराने वैरणीला तोंड लावले नाही, की घरातील जाणते माणूस आधी त्याच्या कानाला हात लावून पाहते, मग शेण पाहते, रवंथ चालू आहे की नाही याची चौकशी करते. हे ज्ञान कोणत्याही शाळेत मिळालेले नसते. ते गोठ्यातच पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेले असते. पशुवैद्यकाचा विद्यार्थी हेच ज्ञान शास्त्राच्या आधाराने शिकतो, आणि त्याच्या शिक्षणाची खरी कसोटी सत्राच्या अखेरीस लागते. त्या दिवसांचे आणि त्यांतील एका अवघड प्रश्नाचे वर्णन या पाठात केले आहे. पाठाची पार्श्वभूमी झाशी व तिच्याभोवतीच्या बुंदेलखंडाची आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याची सत्राखेरची धावपळ तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल. चारा आणि जनावराचे आजार यांचा संबंध स्पष्ट करू शकाल. आणि कोवळ्या ज्वारीपासून जनावरांना होणारी विषबाधा ओळखून तातडीने काय करावे व काय करू नये, हे इतरांना समजावून देऊ शकाल.

मूळ पाठ

राणी लक्ष्मीबाईंच्या शौर्याच्या कथा आपण सर्वांनी ऐकलेल्या आहेत. त्यांच्याविषयीची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. त्या काळात त्यांचा मुक्काम झाशीतही होता. पुढे त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या आणि १९०७ साली त्या ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. घोड्यांची पारख करण्यात बाईसाहेबांचा मोठा लौकिक होता, असे गोडसे सांगतात. एक सौदागर दोन घोडे विकावयास घेऊन आला. दिसावयास दोन्ही सारखेच उमदे. बाईसाहेबांनी दोहोंवर बसून रपेट केली. एका घोड्याची त्यांनी मोठी किंमत केली आणि दुसऱ्याची अगदी क्षुल्लक, कारण त्याची छाती दुखावलेली होती. वरून पाहणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नव्हता.

पशुवैद्यकाच्या परीक्षेत आजही याच जातीचा प्रश्न विचारला जातो. परीक्षकापुढे घोडा चालवत आणतात आणि विद्यार्थ्याला दुखरा पाय कोणता ते सांगावयाचे असते. पुढचा पाय दुखत असेल, तर तो जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. ही गोष्ट पुस्तकातून एका मिनिटात पाठ होते. परंतु धूळ उडवीत दुडक्या चालीने जाणाऱ्या घोड्याच्या मानेची ती हालचाल डोळ्यांनी टिपण्यास काही महिने लागतात. ज्या विद्यार्थ्याने हे महिने वाया घालविले, त्याची सत्राच्या अखेरीस धांदल उडते.

मराठी मुलखात या विद्येचे रीतसर शिक्षण समुद्राने वेढलेल्या मुंबई बेटावर रुजले. परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने उभे राहिलेले जनावरांचे रुग्णालय तेथेच होते. १८७४ पासून मुंबईच्या रस्त्यांवर घोडे ट्रामगाड्या ओढत होते. मालाच्या गाड्यांना बैल जुंपलेले असत. दमट उष्मा, चार महिन्यांचा पाऊस आणि दगडी रस्त्यांवर झिजलेले खूर हे त्या वेळच्या विद्यार्थ्यांपुढील पहिले पाठ असले पाहिजेत. महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय महाविद्यालये २००० साली स्थापन झालेल्या, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आली.

झाशीची परिस्थिती अगदी निराळी आहे. येथे समुद्र नाही, दमटपणा नाही. आहेत त्या खडकाळ टेकड्या, तांबडी माती आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्याही वर जाणारा पारा. शेतकरी मातीलाही नावे देतात: हलक्या तांबड्या जमिनी राकड आणि पडुआ, तर काळ्या जमिनी काबर आणि मार. केन नदीच्या परिसरातील केनकथा जातीचे काटक, बुटके बैल याच मुलखातले. शेजारच्या चंबळ-यमुनेच्या पट्ट्यातील भदावरी म्हैस आकाराने लहान, रंगाने तांबूस आणि दुधाला बेताची; पण तिच्या दुधातील स्निग्धांश इतर म्हशींहून बराच अधिक असतो. संसदेच्या कायद्याने २०१४ साली झाशीत राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय झाशीत नसून जवळच्या दतिया येथे, म्हणजे राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात आहे. घोड्याची दुखावलेली छाती ओळखणाऱ्या राणीचे नाव असलेल्या विद्यापीठात जनावरांचे वैद्यक शिकविले जावे, हा योग मोठा समर्पक वाटतो.

पदवीचा हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यांतील अखेरचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी राखलेले असते. परंतु ज्याला धावपळ म्हणतात ती त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच परीक्षेपासून सुरू होते.

परीक्षा जवळ आली, की वसतिगृहाच्या खोल्यांतून हाडे दिसू लागतात. शरीररचनाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात टेबलावर एक हाड ठेवलेले असते आणि ते कोणत्या प्राण्याचे, उजवे की डावे, हे पाहताक्षणी सांगावे लागते. गायीला बरगड्यांच्या तेरा जोड्या, त्या रुंद आणि चपट्या. घोड्याला अठरा, त्या अरुंद. कुत्र्यालाही तेराच, पण त्या वाकलेल्या आणि बारीक. पाठांतराने एवढे कळते. त्यापुढचे ओळखण्यासाठी हाड हातात घेऊन, डोळे मिटून त्यावरील खाचा व उंचवटे बोटांनी चाचपावे लागतात. म्हणून विद्यार्थी रात्री उशाशी खांद्याचे हाड घेऊन झोपलेले आढळतात. नवख्या पाहुण्याला हे दृश्य भयंकर वाटते. त्यांना मात्र झोप न लागण्याची अन्य कारणे असतात.

दुसरी कसोटी घंटेची. एका ओळीत टेबले मांडलेली असतात आणि प्रत्येकावर एक वस्तू ठेवलेली असते: कोठे काचपट्टीवर कृमीचे अंडे, कोठे बरणीत ठेवलेला यकृताचा तुकडा, कोठे शस्त्रक्रियेचे हत्यार, तर कोठे वाळवून कागदावर चिकटविलेले विषारी झुडूप. घंटा वाजली की पुढे सरकायचे. थोड्याशा क्षणांत वस्तू ओळखून तिच्याविषयी दोन ओळी लिहावयाच्या असतात. मागे वळून पाहण्यास मुभा नसते.

या सर्व गडबडीत रुग्णालय मात्र बंद नसते. जनावरांना वेळापत्रक कळत नाही. सकाळी औषधविज्ञानाचा पेपर असला, तरी पहाटे आपल्याकडे सोपविलेल्या म्हशीचे तापमान घेऊन ते तक्त्यावर लिहावेच लागते. गायीचे स्वाभाविक तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते आणि शेळीचे त्याहून थोडे अधिक. म्हशीच्या बाबतीत एक अडचण आहे. तिची कातडी काळी आणि घर्मग्रंथी थोड्या; त्यामुळे झाशीच्या उन्हात तासभर उभी राहिलेली निरोगी म्हैसही तापलेली आढळते. जो विद्यार्थी तिला आधी सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून पुन्हा मोजत नाही, तो उन्हालाच ज्वर समजून औषध लिहून मोकळा होतो. नाडी पाहण्याच्या जागाही निरनिराळ्या आहेत: गायीची शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने, घोड्याची जबड्याच्या कडेला, कुत्र्याची मांडीच्या आतून. गायीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली, की मोठ्या पोटाची लाट हाताखाली उचलली जाते. दोन मिनिटांत अशा दोन-तीन लाटा आल्या तर पोट चालते आहे असे समजावे. गुराख्याला हे ठाऊक असते. त्याने ते कधी मोजलेले नसते, एवढेच.

दातांचेही तसेच आहे. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची एकेक जोडी येत जाते. आपल्याकडे बाजारात ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘सहा दाती’ आणि ‘जुळलेला’ असे म्हणतात ते यावरूनच. विद्यार्थी हेच कोष्टक पाठ करीत असतो, तेव्हा बाजारात चाळीस वर्षे घालविलेला एखादा दलाल त्याच्यापेक्षा आधी वय सांगून जातो. यात विद्यार्थ्याने कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्या दलालाजवळ बसून शिकावे, हे अधिक शहाणपणाचे.

तोंडी परीक्षेत काही प्रश्न जिवावर बेतणारे असतात. जनावराच्या नव्हे, वैद्याच्या जिवावर. गाय तोंडातून लाळ गाळते आहे, तिला गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला आहे. तुम्ही प्रथम काय कराल? घाईने उत्तर देणारा विद्यार्थी म्हणतो, की घशात काही अडकले असेल, तोंडात हात घालून पाहीन. परीक्षक त्याला तेथेच थांबवितो. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या गायीचीही हीच लक्षणे असतात आणि तिची लाळ वैद्याच्या हातावरील साध्या ओरखड्यातून शरीरात शिरू शकते. या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली, की वाचण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणून हातमोजे आधी, कुत्रा चावल्याची चौकशी आधी आणि घशाचा विचार त्यानंतर. तुमच्या गोठ्यातही हाच क्रम पाळावयाचा आहे, हे येथेच सांगून ठेवणे योग्य होईल.

काही रोगांची नावे मात्र विद्यार्थी केवळ इतिहास म्हणून वाचतो. बुळकांडी हा त्यांपैकी एक. या रोगाने एकेकाळी गावेच्या गावे गुरांवाचून ओस पाडली. लसीकरणाच्या मोठ्या मोहिमांनी त्याला मागे रेटले आणि २०११ साली तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवी हा माणसाचा रोग याआधी असाच नाहीसा झाला होता.

आता ज्या प्रश्नाचा उल्लेख प्रस्तावनेत केला, त्याकडे वळू. तो समजण्यासाठी बुंदेलखंडातील चाऱ्याची स्थिती थोडी जाणून घ्यावी लागेल.

पाऊस येथे मुख्यतः जून ते सप्टेंबर याच काळात पडतो आणि त्याचा भरवसा नसतो. दुष्काळ या प्रदेशाच्या पाचवीलाच पुजलेला आहे. रब्बीचे पीक निघाले, की पुढल्या पेरणीपर्यंत गुरे मोकळी सोडावयाची, अशी जुनी चाल येथे होती. तिला ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. शेतात पीक नसे, तेव्हा ही चाल कोणाला त्रासदायक नव्हती. उलट शेतांना आयते खत मिळे. पुढे ट्रॅक्टर आले, बैलांचे काम घटले, दूध न देणारी गाय पोसणे परवडेनासे झाले आणि गुरे वर्षभर मोकळी फिरू लागली. उभ्या पिकात शिरणाऱ्या गुरांना हाकलण्यासाठी शेतकरी रात्र रात्र जागू लागले. उत्तर प्रदेशात २०१९ पासून अशा गुरांसाठी आश्रयस्थाने उघडण्यात आली. तेथेही प्रश्न उरतो तो वैरणीचाच.

या मुलखात चाऱ्यावर संशोधन करणारी मोठी संस्था आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे. भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्थान १९६२ साली झाशीत, ग्वाल्हेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्थापन झाले. बरसीम, संकरित नेपियर, गिनी गवत, अंजन, दीनानाथ अशी नावे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पोषणशास्त्राच्या पुस्तकात केवळ ओळी म्हणून भेटतात. येथे ती वाफ्यांत वाढताना दिसतात. कोणते गवत किती वेळा कापता येते, कोणते खडकाळ जमिनीत तग धरते, कोणते जनावर आवडीने खाते, हे वाफ्याच्या कडेला उभे राहून समजते. ज्याने हे पाहिले, त्याला आजारी जनावराच्या मालकाला पहिला प्रश्न कोणता विचारावा हे शिकवावे लागत नाही. तो प्रश्न असा: काल काय खाल्ले?

पुढील प्रसंग परीक्षेत विचारता येईल असा आहे. ऑगस्ट महिना. पावसाने पंधरा दिवस ओढ दिलेली. गुडघ्याएवढी वाढलेली ज्वारी सुकून खुजी राहिली आहे. सायंकाळी एक शेतकरी धावत येतो. त्याच्या चार गायी दावे तोडून ज्वारीत शिरल्या. त्यांतील एक शेतातच मरून पडली आहे आणि दुसरी धापा टाकत, तोंडाला फेस येऊन लटपटत आहे. दोन सध्या उभ्या आहेत. विद्यार्थिनीजवळ औषधांची पेटी आहे. तिने काय करावे?

ज्वारीच्या कोवळ्या रोपात एक द्रव्य असते. जनावराने ते चघळले, की पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे अतिशय तीव्र विष तयार होते. पाण्याअभावी खुंटलेल्या रोपात आणि कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत ते अधिक असते. हे विष शरीरातील पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशी तो घेऊ शकत नाहीत, म्हणून रक्त लालभडक राहते. हिरड्या आणि पापणीची आतली बाजू तांबडी लाल दिसते. जनावर काही मिनिटांतच कोसळू शकते. यावर उतारा म्हणून शिरेतून सोडियम नायट्राइट देतात आणि त्यापाठोपाठ सोडियम थायोसल्फेट. पहिले औषध रक्तातील हिमोग्लोबिनचा काही भाग बदलून त्याला विष पकडून ठेवण्यास लावते. दुसरे त्या विषाचे निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर करते आणि ते मूत्रावाटे बाहेर पडते.

येथवर उत्तर सरळ आहे, आणि अनेक विद्यार्थी येथेच थांबतात. परंतु त्याच ज्वारीत, त्याच दुष्काळात, आणखी एक विष साठलेले असू शकते. मुळांनी जमिनीतून शोषलेले नायट्रेट पावसाअभावी रोपाच्या उपयोगी न पडता धांड्यात साठून राहते. गायीच्या मोठ्या पोटात त्याचे नायट्राइट बनते आणि ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास अपात्र करून टाकते. तेथेही जनावर धापा टाकते, लटपटते आणि कोसळते. मालकाची हकीकतही तीच असते. फरक असतो तो रंगात: या वेळी रक्त लाल नसून चॉकलेटसारखे तपकिरी असते आणि हिरड्या निळसर-मळकट दिसतात. याचा उतारा मेथिलीन ब्लू हा आहे.

आता वर सांगितलेल्या पहिल्या औषधाचे नाव पुन्हा वाचा. ते सोडियम नायट्राइट आहे. नायट्राइटनेच मरू घातलेल्या गायीला शिरेतून आणखी नायट्राइट दिले, तर वैद्याच्या हातूनच तिचा अंत होईल. लक्षणे तीच, शेतही तेच. तरी एका विषावरचा उतारा दुसऱ्या विषात मारक ठरतो. निर्णय घेण्यास मोजकी मिनिटे मिळतात. प्रयोगशाळा दूर असते. हाती असते ती हिरडी, आणि सुई टोचल्यावर आलेला रक्ताचा थेंब.

म्हणून विद्यार्थिनीने पेटी उघडण्यापूर्वी गायीचा ओठ वर करून हिरडी पाहिली पाहिजे. अंधार पडू लागला असेल, तर आधी दिवा मागितला पाहिजे. पिवळ्या उजेडात रंग फसवा दिसतो, हेही तिला ठाऊक असावे लागते. रक्ताचा थेंब पांढऱ्या कापडावर किंवा कागदावर घ्यावा. तेथे लाल आणि तपकिरी हा भेद स्पष्ट दिसतो. शिवाय हायड्रोसायनिक आम्लाच्या विषबाधेत अखेरच्या घटकेला श्वास बंद पडू लागला, की हिरड्यांची लालीही टिकत नाही. तेव्हा मरायला टेकलेल्या एकाच गायीवरून निष्कर्ष न काढता, उभ्या असलेल्या दोघींच्याही हिरड्या पाहाव्यात. त्यांनाही थोडी बाधा झालेली असू शकते आणि त्यांच्यात रंग अधिक स्वच्छ दिसतो. त्या दोघींना शेतातून बाहेर काढणे, पण पळवत न नेणे, हे काम शेतकऱ्याला लगेच सांगता येते. धावल्याने शरीराला प्राणवायू अधिक लागतो आणि तोच तर येथे मिळत नसतो.

हे उत्तर देताना विद्यार्थिनीने कोणत्या क्रमाने विचार केला, याकडे परीक्षकाचे लक्ष असते. औषधाचे प्रमाण एखाद्याला क्षणभर आठवले नाही, तर ते पुस्तकात पाहता येते. हिरडी न पाहताच ज्याने सुई उचलली, त्याला मात्र क्षमा नाही.

पशुपालकाला यातून काय घेता येईल? फुलोऱ्यावर येण्यापूर्वी ज्वारी हिरवी चारू नये. पावसाने ओढ दिली असेल, तर विशेषच जपावे. शक्य असल्यास पाणी देऊन, पीक पुन्हा जोमाने वाढू लागल्यावर कापणी करावी. उपाशी जनावर अशा शेताच्या कडेने नेऊ नये. कापलेली ज्वारी चांगली वाळविली, तर हायड्रोसायनिक आम्लाचा धोका बराच कमी होतो. नायट्रेट मात्र वाळविल्याने जात नाही. ते कडब्यातही उरते. म्हणून दुष्काळातील कडबा एकटा न देता दुसऱ्या वैरणीत मिसळून थोडा थोडा द्यावा. जनावर कोसळलेच, तर घरगुती काढे पाजीत बसू नये. गिळता न येणाऱ्या जनावराच्या घशात ओतलेला काढा श्वासनलिकेत उतरतो आणि विषाने नव्हे, तर त्या काढ्यानेच ते दगावते.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. वरील प्रसंगात गायींना मालक होता. त्या कधी सुटल्या, किती वेळ शेतात होत्या, आदल्या दिवशी काय खाल्ले होते, हे तो सांगू शकत होता. अन्ना गायीच्या बाबतीत हे सांगणारे कोणीच नसते. पहाटे ती कोणाच्या तरी बांधावर पडलेली आढळते. रात्री हाकलण्यासाठी कोणी दगड मारला होता की काय, तिने ज्वारी खाल्ली की रस्त्यावरचे प्लॅस्टिक, की तिला कुत्रा चावला आहे, हे सर्व तिच्या शरीरावरूनच वाचावे लागते. उपचार झाल्यावर तिला कोणाच्या गोठ्यात बांधावयाचे, हा प्रश्न उरतोच. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्यासाठी जागा नसते. परंतु दतिया-झाशीच्या परिसरात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्याला तोंड द्यावे लागणार असते.

तोंडी परीक्षा संपवून विद्यार्थी बाहेर येतात, तेव्हा दुपार टळलेली असते. कोणी झाडाखाली उत्तरे ताडून पाहतात, कोणी घरी जाण्याच्या गाडीची चौकशी करतात. ज्याच्याकडे रुग्णालयातील पाळी असते, तो मात्र परीक्षेचा पांढरा कोट तसाच ठेवून, पायांत रबरी बूट चढवून गोठ्याकडे वळतो. सकाळी तक्त्यावर १०३ लिहिलेल्या म्हशीचे तापमान त्याला पुन्हा घ्यावयाचे असते.

शब्दार्थ

द्रव्यार्जन – पैसा मिळविणे. सौदागर – व्यापारी. रपेट – घोड्यावरून मारलेला फेरफटका. दुडकी चाल – घोड्याची मध्यम वेगाची चाल. स्निग्धांश – दुधातील लोण्याचे प्रमाण. घर्मग्रंथी – घाम निर्माण करणाऱ्या ग्रंथी. कूस – जनावराच्या पोटाची बाजू. पाचवीला पुजलेला – जन्मापासून सोबत असलेला, कायमचा. उतारा – विषाचा परिणाम नाहीसा करणारे औषध. धांडा – ज्वारीचे ताट. कडबा – ज्वारीची वाळलेली वैरण.

पाठगत प्रश्न

१. राणी लक्ष्मीबाईंनी दुसऱ्या घोड्याची किंमत क्षुल्लक का ठरविली?

२. उन्हात उभ्या असलेल्या म्हशीचे तापमान घेताना कोणती काळजी घ्यावी लागते, आणि का?

३. लाळ गाळणाऱ्या गायीच्या तोंडात उघडा हात का घालू नये?

४. एकाच ज्वारीपासून होणाऱ्या दोन विषबाधांमध्ये रक्ताच्या रंगात कोणता फरक आढळतो? तो ओळखण्यात चूक झाल्यास काय घडेल?

स्वाध्याय

१. ‘अन्ना प्रथा पूर्वी उपयुक्त होती, पुढे ती त्रासदायक झाली.’ या बदलाची कारणे पाठाच्या आधारे लिहा.

२. ‘धांदल उडणे’, ‘मागमूस नसणे’, ‘तग धरणे’, ‘ओढ देणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

३. तुमच्या शेजाऱ्याने पावसाने ओढ दिलेल्या शेतातील कोवळी ज्वारी गायीसाठी कापून आणली आहे. त्याला सावध करणारा दहा ओळींचा संवाद लिहा.

उपक्रम

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या अनुभवी पशुपालकाला भेटा. जनावर आजारी आहे हे ते कोणत्या खुणांवरून ओळखतात, ते विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांतील कोणत्या खुणा या पाठात आल्या आहेत व कोणत्या आलेल्या नाहीत, याची नोंद करून ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवा.